माउसचं तोंड

आंजीच्या मोठ्या रस्त्यावर नानांचं दुकान होतं. पाटीवर लेकीचं नाव, इला ग्राफिक्स. आत एक संगणक, एक प्रिंटर आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थापा ऐकायला एक बाकडं. लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडणुकीतले हात जोडलेले चेहरे, तेरवीची कार्डं, सगळं नाना करत आणि करता करता तोंडाचा पट्टा सोडत. हिंगणीच्या जंगलातला वाघ भर दुपारी दुकानात आला, खुर्चीवर बसून फोटो काढून घेतला आणि जाताना म्हणाला, नाना, डावी मिशी जरा भरीव करा. ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की मिशी डावी होती का उजवी यावरून शाळेतल्या पोरांची भांडणं व्हायची.

तेच नाना आता पडद्यापुढे मुकाट बसले होते. पडद्यावर त्यांच्या बायकोचा, सरोजिनीबाईंचा, फोटो होता आणि माउसचा बाण त्या फोटोवर पिसाळल्यासारखा फिरत होता.

फोटोचीही एक गंमतच. अख्ख्या गावाचे चेहरे ज्या घरात गोरे झाले, त्या घरच्या बाईचा एकटीचा असा एक फोटो नव्हता. कोणी फोटो काढायला उभं राहिलं की सरोजिनीबाई दुसऱ्यांना हाका मारायला जायच्या. शेवटी अल्लीपूरच्या एका लग्नातला सापडला. एका बाजूला मांडवाचा खांब, दुसऱ्या बाजूला शेजारच्या वच्छलाबाई, आणि मधे ह्या, कशाला तरी हसू दाबत. तेरवीच्या कार्डावर आणि भिंतीवरच्या फ्रेममध्ये हाच चेहरा यायचा होता. त्यासाठी तिला खांबापासून आणि वच्छलाबाईंपासून सोडवून घ्यायचं. म्हणजे माउसने कडेकडेने टिचक्या देत जायचं, कपाळ, कान, मान, खांदा. शेकडो अनोळखी माणसं नानांनी अशी अलगद सोडवली होती. हात कधी हलला नव्हता.

आता हात स्थिर होता, बाणच ठिकाणावर नव्हता. कानापर्यंत नीट यायचा, तिथे अडून थरथरायचा, आणि नाना टिचकी देणार तोच टणकन उडून पडद्याच्या कोपऱ्यात. दोनदा कान कापला गेला. एकदा तर रेघ सरळ गालातून गेली. नानांनी ते पुसलं आणि डोळे मिटून घेतले.

काय झालं असेल ते त्यांना पहिल्याच झटक्यात कळलं होतं. सवयीने त्यांनी माउस उलटा केला होता, फुंकर मारायला. आणि फुंकर ओठांतच राहिली होती.

खाली जिथून लाल उजेड येतो त्या खाचेत कुंकू होतं. दसऱ्याचं.

दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, स्कूटर आणि नानांच्या घरी संगणक. सरोजिनीबाई पडद्याला हार घालायच्या, कीबोर्डावर फुलं ठेवायच्या, आणि माउस उलटा करून त्या लाल उजेडावर बोट टेकवायच्या. नाना दरवर्षी ओरडायचे, "अवो, तिथं नोको! ते पोट आहे त्याचं. पाठीवर लाव."

"पोट कसं? डोळा तर इकडेच आहे, लाल लाल. डोळा जिकडे, तोंड तिकडे. पोळ्याले बैलाच्या शेपटीले कुंकू लावता का तुमी?"

मग सोनं वाटून झालं, की दुसऱ्या दिवशी ती अंगणात असताना नाना काडीने ते कुंकू काढून टाकायचे आणि दुकान चालू व्हायचं. सगळा संसार असाच चालला होता. ती लावायची, हे पुसायचे, आणि दोघांचंही समाधान.

यंदा पुसायला दुसरा दिवस आलाच नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी सोन्याची पानं ठेवलेलं ताट खाली ठेवून सरोजिनीबाई म्हणाल्या, "जीव घाबरून राह्यला जी," आणि पायरीवर बसल्या. जीप काढली, पण वर्धा यायच्या आधीच सगळं संपलं होतं.

दुकान तेव्हापासून बंद. माउस तेव्हापासून तसाच. आणि कुंकू थोडं ओलं असताना लावलेलं, म्हणून त्यात बोट उमटलं होतं. नानांनी भिंग लावून पाहिलं. पेरावरच्या बारीक रेषा, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा, एकात एक. फोटोत तिचा चेहरा होता. पण चेहरा काय, तो यंत्राने टिपलेला. हे तिने स्वतः ठेवलेलं होतं.

नानांनी माउस हळूच सुलटा केला आणि पॅडवर ठेवला. पुसलं तर फोटो नीट कापता येईल. नाही पुसलं तर तेरवीला भिंतीवर कान कापलेली बायको.

हे कोणाला सांगावं? इलाला सांगायचं तर ती दसऱ्याच्या रात्रीच नागपूरहून धावत आली ती पदर खोचूनच. भटजी, मांडव, आल्यागेल्याचा चहा, बापाची गोळी. रडायला तिला कोणी सवडच दिली नव्हती आणि तिनेही मागितली नव्हती. गावाला सांगायचं तर गाव माउसला देव्हाऱ्यात बसवेल. आणि मुख्य म्हणजे, सांगताना तोंडातून शब्द निघाला असता का, याची नानांना खात्री नव्हती.

भैयाजींना मात्र बोलवावं लागलं नाही, ते आलेच. भैयाजी म्हणजे पोस्टातून रिटायर झालेले, नानांचे लंगोटीयार. कोणतीही वस्तू बिघडली की त्यांच्या अंगात येई.

"सरक तू. मी पाह्यतो," ते म्हणाले. "हे पॅड खराब आहे. कागद दे."

कागद दिला. मग वर्तमानपत्र, मग कॅलेंडरचा पुठ्ठा, मग भैयाजींचं धोतर गुडघ्यावर ताणून त्याच्यावर. बाण भैयाजींनाही जुमानेना. मग वायर मागच्या भोकातून काढून पुढच्या भोकात. मग संगणक बंद, चालू. मग खिडकी लावली, कारण उन्हाची तिरीप माउसच्या डोळ्यात जाते म्हणे.

"व्हायरस आहे," भैयाजी शेवटी म्हणाले. "दे इकडे, उलटा करून पाह्यतो."

"नोको!" नानांनी माउस असा हिसकावला की भैयाजी दचकले.

"अरे, चावून राह्यलो का मी त्याले?"

"गरम झालाय तो. राहू दे थोडा."

दारात वच्छलाबाई उभ्या होत्या, हातात डब्यात भाजी. त्यांनी पडद्यावर बाण थरथरताना पाहिला आणि पदर तोंडाशी नेला. "नानाजी, हे बिघडलेलं नाई. सरोजिनी आहे ते. माह्यापासून तोडून राह्यले ना तिले, म्हणून ती हात धरून राह्यली तुमचा."

"दहाव्याले कावळा तर लगेच शिवला," भैयाजी म्हणाले. "इच्छा राह्यली असती तर कावळा बसला असता का?"

"कावळ्याले काय कळते? भात दिसला की येते तो मुडदा." वच्छलाबाई पडद्याजवळ आल्या, बराच वेळ फोटो पाहत राहिल्या. तिच्या खांद्यावर त्यांचा हात होता. "माहा हात कापा बाप्पा, इलाज नाई. पण सांभाळून. बांगड्या त्या लग्नातच भरलेल्या होत्या."

एरवी नाना एवढ्यावर तासभर बोलले असते. आज नुसते "हो" म्हणाले. तेव्हा दोघं एकमेकांकडे पाहून हळूच निघून गेले.

रात्री जेवताना इला म्हणाली, "बाबा, कार्डं उद्या छापायला गेली पाह्यजे. मी पाहू का माउसले काय झालं ते?"

"तू नोको पाहू. म्हातारा झाला तो. मी सकाळी वर्ध्याले जातो अन् नवीन आणतो."

हा विचार नानांना भाजी वाढून घेता घेताच सुचला होता आणि सुचल्याबरोबर जेवण गोड लागलं होतं. सोपं तर होतं. नवा माउस कामाला, जुना तिच्या खणात गुंडाळून कपाटात. कोणाला काही सांगणं नको, काही पुसणं नको. त्या रात्री त्यांना झोपही लागली.

सकाळच्या एसटीने ते वर्ध्याला गेले. दुकानदाराने बिनवायरीचा दाखवला, उजेड दिसतच नाही असा दाखवला. नानांनी सगळे उलटे करून पाहिले. दुकानदार म्हणाला, "काका, काय पाहून राह्यले खाली?" नाना म्हणाले, "तोंड." आणि कितीतरी दिवसांनी स्वतःशीच हसले. येताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी वाघाच्या मिशीची गोष्टही सांगितली. अर्धीच. पुढची आठवली नाही.

घरी आले तर दुकानाचं दार उघडं. इला त्यांच्या खुर्चीवर बसलेली, केस विस्कटलेले, पण चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा.

"बाबा, चपला काढा अन् इकडे या. पाह्या!"

पडद्यावर बाण सरळ चालला होता. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, धाग्यासारखा.

"काही झालं नव्हतं त्याले. तुमी अन् भैयाजीकाका, दोघं मिळून एक माउस उलटा करून पाह्यला नाई? खालच्या खाचेत घाण अडकली होती. माचिसच्या काडीले कापूस गुंडाळला, सॅनिटायझर लावलं, दोन मिनिटात साफ. नवीन आणला का? परत करून येजा."

नानांच्या हातात पिशवी होती. ती त्यांनी बाकड्यावर ठेवली, मग उचलून खाली ठेवली.

"बरं केलंस," ते म्हणाले.

त्यांनी माउस उचलला. उलटा केला. खाच स्वच्छ होती, काच लखलखत होती आणि आतून लाल उजेड येत होता. सॅनिटायझरचा वास होता.

"कापूस कुठं टाकला?"

"घंटागाडी आली होती, तिच्यात. काऊन?"

"काही नाई. काडी पेटती नव्हती ना, म्हणून इचारलं."

इला हसली. मग हसता हसता थांबली. आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहू लागली. टोकांना फिकट लाल डाग होते. तिने बोट नाकाशी नेलं.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "लाल होतं ते. आई दसऱ्याले पूजा करे ना याची?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला होता, आधी लागलं की नाही हे बापाच्या चेहऱ्यावर पाहून मग रडायचं की नाही ते ठरवणारा.

"करे ना," नाना म्हणाले. "पण ती पाठीवर लावे कुंकू. वरून. ते मी पुसलं होतं तवाच." आणि त्यांचा आवाज बाकड्यावरच्या जुन्या आवाजासारखा झाला, थोडा वर चढलेला. "हे त्या भैयाजीचं पान आहे. पान खाते अन् बोट कुठंबी पुसते. काल बसला ना इथं उलटापालटा करत? धोतरावर चालवून पाह्यला त्यानं माउस. त्याच्या धोतराचा रंग पाह्यला का तू कधी? जन्माच्या वेळी पांढरं होतं म्हणतात."

"शी!" इला ताडकन उठली. "अन् मी नाकाले लावलं! सांगायचं नाई का आधी?"

ती आत पळाली. मोरीतला नळ सुटल्याचा आवाज आला, मग साबणाच्या डब्याचा.

नाना खुर्चीवर बसले. पाणी वाहत होतं. त्यांनी माउस पॅडवर ठेवला, फोटो मोठा केला आणि कपाळापासून सुरुवात केली. बाण अगदी शहाण्यासारखा चालला. भांग, केस, कान. कान पूर्ण आला, कुडीसकट. मान आली. खांद्यावर वच्छलाबाईंचा हात आला, तो त्यांनी बोटाबोटाने, बांगडीबांगडीने सोडवला. आत नळ चालूच होता. मांडवाचा खांब गेला, लग्न गेलं, माणसं गेली, आणि पांढऱ्या पडद्यावर सरोजिनीबाई एकट्या उरल्या, कशाला तरी हसू दाबत.

नळ बंद झाला. इला पदराला हात पुसत आली, नाक मुरडलेलं.

"दोन वेळा घासलं बाबा, तरी नखात राह्यलंच थोडं. पाह्या ना."

तिने बोट पुढे केलं. नखाच्या आत कडेला केसाएवढी लाल रेघ होती.

नानांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, काटा शोधतात तसा डोळ्यांजवळ नेला.

"सुईनं काढू का?" तिने विचारलं.

"नोको," ते म्हणाले. "राहू दे. जाईल ते हळूहळू."

"पण पान आहे ना ते भैयाजीकाकाचं!"

"असू दे."

त्यांनी हात सोडला नाही. इला थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली. मग पडद्याकडे तिचं लक्ष गेलं. ती बाजूचं बाकडं पायाने ओढून बापाच्या शेजारी बसली.