खाणीवरचे हिरवे ठिपके

बायको जाऊन सत्तर दिवस झाले तेव्हा तिच्या नावाने पत्र आलं. जिल्ह्याच्या जमीन वापर आराखड्यावर तिने दिलेल्या हरकतीची गुरुवारी अकरा वाजता सुनावणी आहे, हरकतदाराने स्वतः हजर राहावं, न राहिल्यास हरकत निकाली काढली जाईल, असं त्यात छापलं होतं. फोरमनने पत्र दोनदा वाचलं आणि फ्रीजवर ठेवलं. मग भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती.

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये तो अडतीस वर्षं होता, त्यातली शेवटची अकरा फोरमन म्हणून. निवृत्त झाला तरी गल्ली त्याला फोरमनच म्हणायची. बायको घरी शिवणकाम करायची. तिचं मशीन मागच्या खिडकीशी होतं आणि खिडकीतून गल्लीमागची, नाल्याच्या वळणाशी असलेली खोलगट जागा दिसायची. पावसात चारी बाजूंचं पाणी तिथे उतरायचं, महिना-दीड महिना साचून राहायचं आणि मुरून जायचं. एका वर्षी कोणी तरी तिथे राडारोडा आणून टाकला, तर पाणी गल्लीत शिरलं आणि मशीनच्या पायट्यापर्यंत चढलं. तेव्हापासून ती त्या जागेवर डोळा ठेवून होती.

आराखड्यात लोकांचं म्हणणं घ्यायचं म्हणून शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली तेव्हा ती आजारी होती. तिने फोरमनला पाठवलं. तिथे प्रत्येकाला पाच हिरवे ठिपके मिळणार होते. जी जागा मोकळी राहावी असं वाटतं तिथे ते नकाशावर चिकटवायचे. पाचही खोलगटावर लावा, एकही दुसरीकडे नको, असं तिने बजावून सांगितलं होतं.

फोरमन नाकासमोर चालणारा माणूस. गेला. पण नकाशाच्या टेबलाभोवती ही गर्दी. धक्काबुक्की करणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तो पलीकडे जिथे जागा दिसली तिथे जाऊन उभा राहिला. चष्मा घरी राहिला होता. नाला दिसला, नाल्याचं वळण दिसलं, वळणाशी कोरी जागा दिसली. त्याने पाचही ठिपके तिथे लावले, एका ओळीत, बोटाने नीट दाबून. परतताना नकाशा भिंतीवर टांगत होते. सरळ टांगलेला नकाशा बघून त्याला कळलं की तो उलट्या बाजूने उभा होता. ठिपके जुन्या दगडखाणीवर लागले होते. आणि ते पाचच राहिले नव्हते. त्याच्यामागून आलेल्यांनीही तिथेच लावले होते.

नकाशाचं काम बघणारी एक तरुण बाई दारातच उभी होती. तिला सांगता आलं असतं. पण एवढ्या लोकांत कुठे सांगायचं, म्हणून तो तसाच निघाला. घरी बायकोने विचारलं, "लावले का हो पाची?" तो म्हणाला, "लावले." ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर तिच्याशी बोलताना तो खिडकीकडे बघायचं टाळू लागला.

चार महिन्यांनी आराखड्याचा मसुदा आला. खाणीवर उद्यान, लोकसहभागातून सुचवलेली जागा. खोलगटावर गोदामं. गल्लीतला न्हावी म्हणाला, उद्यान झकास होणार, फक्त आत उतरायला दोर लागेल. सगळे हसले. फोरमनही हसला. बायको धाकट्या बहिणीला घेऊन, रिक्षाने, कार्यालयात जाऊन आली. हरकत लिहून आले, एवढंच म्हणाली. काय लिहिलं हे त्याने विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. मग दवाखाना सुरू झाला आणि मग तेही संपलं.

गुरुवारी मेहुणी त्याला न्यायला आली. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्या सत्तर दिवसांत घराला तिचाच आधार होता. शर्टाचं बटण वरखाली लागलंय, तिने सांगितलं. त्याने नीट लावलं. सुनावणीत आपण उभं राहायचं आणि सगळं कबूल करायचं, असं त्याने ठरवलं होतं. ठरवताना काही वाटलं नव्हतं, आताही वाटत नव्हतं.

सुनावणीची खोली लांबट होती. समोर साहेब, शेजारी कारकून, मधल्या टेबलावर नकाशा. नकाशावाली बाई खिडकीशी बसली होती. गल्लीतले आठ-दहा जण आले होते. त्यांच्याही हरकती होत्या, बहुतेक रस्त्याच्या रुंदीवर. कारकुनाने बायकोचं नाव पुकारलं. नाव पूर्ण पुकारलं, मधलं फोरमनचं नावही आलं. तो उभा राहिला.

त्या नाहीत, गेल्या, मी त्यांचा नवरा, असं त्याने सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. वाईट झालं म्हणाले. मग म्हणाले की नियमाप्रमाणे हरकतदार हजर नसला तर हरकत निकाली निघते, त्यांच्याही हातात काही नाही.

मेहुणी बसूनच बोलली. "साहेब, ताई गेली म्हणून पाणी यायचं थांबतंय का?"

कोणी तरी खोकलं. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, फोरमनकडे बघितलं आणि कारकुनाला म्हणाले, नोंदीसाठी वाचा तरी. कारकुनाने कागद काढला. बायकोचं अक्षर फोरमनने लांबूनच ओळखलं. कारकून एका सुरात वाचू लागला, जसा तो दिवसभर वाचत असणार.

"खोलगट जागेवर कोणी ठिपका लावला नाही, म्हणून ती कोणाला नको आहे असे समजू नये. माझे पाच ठिपके त्या जागेसाठीच होते. ते माझ्या घरच्या माणसाच्या हातून खाणीवर लागले. गर्दीमुळे त्यांना नकाशा उलट्या बाजूने बघावा लागला असेल. चष्मा घरीच राहिला होता, तो मला नंतर मशीनवर सापडला. कापड उलट्या बाजूने बेतले की डावी बाही उजवीकडे जाते, तसे हे झाले आहे. नकाशा फिरवून बघितला की खाण बरोबर आमच्या खोलगटाच्या जागी येते, ते कृपया तपासावे. त्यांना हे लक्षात आले आहे की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना विचारलेले नाही. कार्यालयानेही विचारू नये."

खाली पाणी किती चढतं त्याचे चार मुद्दे होते. तेही कारकुनाने वाचले. फोरमनला ते ऐकू आले, पण अर्थ लागला नाही. तिला माहीत होतं. मसुदा बघितला त्या दिवसापासून माहीत होतं. तीन महिने ती त्याच घरात, त्याच खिडकीशी बसून होती आणि एक शब्द बोलली नव्हती. काही तरी वाटायला हवं होतं. त्याने समोरच्या टेबलाचा पाय बघितला. एका पायाखाली पुठ्ठा घातलेला होता.

विचारू नये असं लिहिलेलं असूनही साहेबांनी विचारलं. घरचा माणूस म्हणजे तुम्हीच का?

"मीच," फोरमन म्हणाला. "मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही."

खोलीत कोणी हसलं नाही. मग न्हावी उठला. आपणही आपले ठिपके खाणीवर लावले, ते फोरमनचे पाच बघून, असं त्याने सांगितलं. फोरमन एवढे ओळीत दाबून लावतोय म्हणजे काही तरी विचार असणार. त्याच्यामागे वाणी उठला. त्याने न्हाव्याचे बघून लावले होते. एक म्हातारे मास्तर म्हणाले की त्यांनी फक्त जिथे ठिपके होते तिथे लावले, उगाच वेगळं दिसायला नको म्हणून. साहेबांनी विचारलं, की खाणीत उद्यान मुळात कोणाला हवंय? कोणाचाही हात वर झाला नाही. नकाशावाली बाई टेबलाशी आली, तिने नकाशा उलटा फिरवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. तंतोतंत बसतंय."

मोजणी बदलता येणार नाही, साहेब म्हणाले. एकदा नोंदले ते ठिपके नोंदले. पण त्या जागेची प्रत्यक्ष पाहणी होऊ शकते, आणि या पावसाळ्यात तिथे पाणी किती दिवस आणि किती उंच राहतं याची रोजची नोंद कोणी ठेवली, तर अंतिम आराखडा होण्याआधी ती विचारात घेता येईल. तोवर भराव पडणार नाही. मात्र हरकत कोणी तरी आपल्या नावावर घ्यायला हवी. फोरमनने सही केली. कारकुनाने बायकोच्या नावावर एक रेघ मारली आणि वर त्याचं नाव लिहिलं. रेघ पट्टीने मारली होती.

बाहेर पायऱ्यांवर मेहुणी थांबली. हरकत लिहायला आलो त्या दिवशी ताईने आपल्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं, आत येऊ दिलं नव्हतं, असं ती म्हणाली. मग विचारलं, "भाऊजी, तुम्ही सांगितलं का नाही हो तिला?"

"सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

तो पायऱ्या उतरू लागला. तिने रिक्षा थांबवली.

मंगळवारी पाहणीला साहेब, कारकून आणि नकाशावाली बाई आले. खोलगट कोरडं होतं, गवत गुडघ्याएवढं. साहेबांनी विचारलं, पाणी साधारण कुठवर येतं? फोरमनने इकडेतिकडे बघितलं. अडतीस वर्षं पावसाळ्यात तो बसखाली असायचा. ते तिला माहीत होतं, तो म्हणाला, मला नाही. साहेबांनी तसंच लिहून घेतलं. मग म्हणाले, आता तुम्हालाच बघावं लागेल. रोज. जमेल ना?

"जमेल."

मोजपट्टीचे आकडे रंगवलेली एक लाकडी खुंटी आणली होती. सगळ्यात खोल भागात ती रोवायची होती. कारकून घण घेऊन उभा राहिला आणि फोरमनला म्हणाला, सरळ धरा. त्याने दोन्ही हातांनी धरली. जमीन कडक होती, खुंटी चटकन शिरेना. प्रत्येक घावाला हादरा मनगटातून खांद्यापर्यंत जात होता. पाच-सहा घावांनंतर हात बधिर झाले, तरी तो धरून होता. खुंटी हातभर आत गेली, हलायची थांबली, कारकुनाने घण खाली ठेवला आणि घाम पुसला.

"सोडा आता काका," कारकून म्हणाला.

मग त्याने सोडली.