एका नंबरवरचे अकरा जण

"वीरू, बोरगावचे लोक कुठी गेले बे?"

फोनवर प्रवीणभाऊ होते. सकाळचे नऊ वाजले होते आणि मी माझ्या लेखमालेचा सातवा भाग लिहीत होतो. लेखमालेचं नाव 'जुनं साधन सोडताना'. मी दर आठ-दहा महिन्यांनी कामाची साधनं बदलतो, आधीचं का सोडलं ते इंटरनेटवर सविस्तर लिहितो, आणि ते पुण्या-बंगळुरातली माझ्यासारखीच चारशे रिकामटेकडी माणसं वाचतात.

"कोणते बोरगावचे लोक?"

"आपल्या यादीतले. दहा-अकरा होते. आता एकटा गुणवंताच दिसून राहिला. ओ निगेटिव्ह टाकलं तं बोरगावात कोणीच नाही दाखवत."

"भाऊ, रविवारी मी यादी साफ केली. दुहेरी नावं होती, थे काढली. तुम्हाले पाहता येत नसन. थांबा, हे एवढं लिहून घेतो न् पाहतो."

"थांबाले टाइम नाही हाय वीरू. मोहगावची चंचल नागपूरले भरती हाय. हिमोग्लोबिन चारवर आलं. रक्तपेढीत ओ निगेटिव्ह नाही म्हणते. संध्याकाळच्या आत माणूस आणा म्हणते."

चंचल चौदा वर्षांची. तिला सिकलसेल आहे. तिची आई करुणा मोहगावच्या अंगणवाडीत काम करते, आणि वर्षातून दोन-तीनदा तिचा असा फोन प्रवीणभाऊंना येतो. मी लिहिणं थांबवलं. खरं सांगायचं तर वाक्य पूर्ण करून मग थांबवलं.

मी सौसरला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. वीस वर्षं हाच धंदा. या वीस वर्षांत मी इतकी साधनं वापरून फेकली की त्यांची नावंही आता आठवत नाहीत. एक संकेतस्थळ फुकट होतं, तीन वर्षांनी एका शुक्रवारी बंद पडलं, निरोपाचं पत्र मात्र असं पाठवलं की वाचून डोळ्यांत पाणी यावं. दुसऱ्यानं बटणांचे रंग बदलले आणि त्याला क्रांती म्हटलं. तिसरं मला रोज सकाळी 'आज तुम्ही काय घडवणार?' असं विचारायचं, म्हणून मी ते सोडलं. एकही असं निघालं नाही की ज्याच्या भरवशावर मी घरच्या वाणसामानाची यादी ठेवावी. तरीही दर वेळी नवं आलं की मी जुन्याला शिव्या घालत पुढे जायचो आणि पोहोचल्यावर नव्याला शिव्या घालायला लागायचो. या सवयीला मी अनुभव म्हणत होतो.

प्रवीणभाऊ एका लहानशा लॅबमध्ये तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहेत. रक्तदात्यांची यादी त्यांनी स्वतःच्या हौसेनं तीस वर्षं सांभाळली. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. एक लांबोडकं रजिस्टर होतं. त्यात पांढुर्णा, सौसर, मोहगाव, बोरगाव असे गाववार भाग, आणि नावांपुढे त्यांच्या बारीक अक्षरातला शेरा: 'सोमवारी उपास, नेऊ नये.' 'सुई पाहून चक्कर येते, बोलत ठेवावे.' 'बायकोला सांगू नये.' दोन हजार तेरा साली ते रजिस्टर त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं होतं आणि म्हणाले होते, "तुह्या मशीनीत टाकून दे बाबा. माह्यानं आता शोधणं होत नाही."

मी ते टाकलं. टाकताना हसलो. तो शेरा मला गावठी वाटला. यादीच्या तिसऱ्या स्थलांतरात नव्या संकेतस्थळानं शेऱ्याला चाळीस अक्षरांची मर्यादा घातली, तेव्हा तो मी सरळ उडवला. रजिस्टर तर मी त्याआधीच रद्दीत दिलं होतं. "भाऊ, आता कागदाचा जमाना नाही रायला," असं त्यांना तोंडावर सांगून.

रविवारी पाचवं स्थलांतर झालं. नव्या संकेतस्थळानं यादी तपासली आणि विचारलं: त्रेचाळीस दुहेरी नोंदी सापडल्या, एकत्र करायच्या? मी 'होय' दाबलं. एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस, हा त्याचा नियम. तो मला पटला, कारण माझा एक नंबर आहे, बायकोचा एक आहे आणि कंपनीत सगळ्यांचे एकेक आहेत. मग जुन्या ठिकाणचं खातं मी कायमचं पुसलं. तसा सल्ला मी सहाव्या भागात वाचकांना दिला होता. बॅकअप होता, पण तो आपोआप व्हायचा. सोमवारी त्यानं इमानेइतबारे त्या साफ झालेल्या यादीचाच बॅकअप घेतला आणि आधीच्यावर चढवला.

आता मी बोरगाव उघडलं. एकच नोंद. गुणवंता, बी पॉझिटिव्ह.

"भाऊ, हा गुणवंता कोण?"

"पानठेलेवाला. बोरगावच्या फाट्यावर. साऱ्याईचा नंबर त्याचाच हाय न."

"साऱ्याईचा मतलब?"

"अबे, थे लोकं संत्र्याच्या बगीच्यात राह्यते दिवसभर. तिथी टावर नाही. काहीकाकडे फोनच नाही. म्हणून सारे ठेल्याचा नंबर देते. मी फोन करो, गुणवंता निरोप पोचवे. बारा वर्षं असंच चालू हाय. तुले माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मी इथलाच, याच तालुक्यात वाढलो, माझ्या मामाच्या घरीही शेजारच्या दुकानाचाच नंबर दिलेला असायचा. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. मी 'होय' दाबून अकरा माणसांचा एक माणूस केला होता.

"त्यात ओ निगेटिव्ह कोण होतं भाऊ? नाव सांगा."

"दोघं होते. नाव जिभेवर हाय, येऊन नाही राहिलं." मग ते म्हणाले, "रजिस्टर असतं तं पाहता आलं असतं."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

गुणवंताचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. भाऊ मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीन-चार महिने भोपाळला लेकीकडे होते, आठ दिवसांपूर्वीच परत आले होते. त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. मी स्कूटर काढली, काळा चष्मा लावलेल्या भाऊंना मागे बसवलं आणि बोरगाव गाठलं. वाटेत खिशात फोन थरथरला. करुणाताईंचा असेल म्हणून थांबून पाहिलं, तर संकेतस्थळाचा निरोप होता: अभिनंदन! तुमची यादी आता शंभर टक्के स्वच्छ आहे. मी रस्त्यात उभा राहून त्याला जी शिवी घातली ती भाऊंनी ऐकली आणि ऐकली नाही असं दाखवलं.

ठेला उघडा होता. गल्ल्यामागे पन्नाशीची बाई सुपारी कातरत होती. भाऊंना पाहताच तिनं अडकित्ता खाली ठेवला.

"आले का भाऊ? मी म्हणो, याईले कोणी सांगतलं नसन."

"गुणवंता कुठी हाय, मनकर्णाबाई?"

"गेले थे. पोळ्याच्या आधी. बसल्या बसल्याच."

भाऊ बाकड्यावर बसले. मला वाटलं आता ते रडतील, पण त्यांनी फक्त चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मी घड्याळ पाहिलं. साडेदहा. बाईला काय विचारावं आणि कसं, हे मला कळेना. भाऊंनीच विचारलं.

"बाई, चंचलची तब्येत बिघडली. त्या दोघाईचे नाव पाह्यजे होते. ओ निगेटिव्हवाले."

मनकर्णाबाई उठल्या आणि त्यांनी ठेल्याचं पत्र्याचं झाकण अर्धं खाली ओढलं. त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं अकरा नावं लिहिली होती. प्रत्येकापुढे लाल रंगात रक्तगट. आणि त्याच्यापुढे खडूनं बगीच्याचं नाव: 'खालचा मळा', 'टेकडीजवळ', 'सावंग्याकडे'.

"खडूचं रोज बदलवत होते," त्या म्हणाल्या. "सकाळी लोकं चहा प्याले येत, तं विचारून घेत, आज कुठी तोडणी हाय म्हणून. तुमचा फोन कधी येईन सांगता येत नाही म्हणत. थे गेल्यावर मी पुसलं नाही. म्हणून थे तीन महिन्याआधीचं हाय."

मी त्या पत्र्याकडे बघत राहिलो. माझी यादी जगात कुठूनही उघडता येते अशी फुशारकी मी बारा वर्षं मारली. माझ्या यादीतला माणूस आज सकाळी कुठे उभा आहे हे मात्र तिला एकदाही सांगता आलं नव्हतं. ते हा पानठेलेवाला खडूच्या तुकड्यानं सांगत होता, आणि मी त्यालाच दुहेरी नोंद समजून त्याच्यात दहा माणसं घुसवून टाकली होती. मला स्वतःची किळस आली. मी फोन काढून त्या पत्र्याचा फोटो घेतला.

ओ निगेटिव्ह दोघे: वामन आणि देवराव.

"वामन तं पीथमपूरले गेला कारखान्यात," बाई म्हणाल्या. "देवराव हाय. आज कुठी हाय थे पाहा लागन."

बाईंनी ठेला तसाच उघडा टाकला आणि पदर खोचून आमच्यापुढे चालू लागल्या. पहिल्या बगीच्यात तो नव्हता. दुसऱ्या बगीच्यात तोडणी कालच संपली होती. तिसऱ्यात, शिडीवर, पानांतून फक्त पाय दिसत होते.

"देवराव, उतर. प्रवीणभाऊ आले."

तो उतरला, चाळीसेक वर्षांचा, गळ्यात संत्र्यांची झोळी. त्यानं भाऊंना नमस्कार केला. काय हवं ते विचारलंच नाही.

"सकाळी भाकर खाल्ली हाय मी. चालते न?"

"चालते."

मग माझ्याकडे बघत, पण भाऊंना उद्देशून, तो म्हणाला, "गुणवंताभाऊ गेले तवापासून फोनच नाही आला कोणाचा. आमाले वाटलं, आता तुम्हाले आमची गरज नाही रायली."

भाऊंनी माझं नाव घेतलं नाही. "मी भोपाळले होतो रे," एवढंच म्हणाले.

साडेबाराला ओळखीच्या जीपनं आम्ही नागपूरला निघालो. रस्त्यात दोनदा करुणाताईंचा फोन आला. दोन्ही वेळा त्यांनी एकच विचारलं, "भाऊ, भेटला का माणूस?" भाऊ त्यांना सांगत राहिले, "बोरगावचा देवराव हाय संगं. बसला हाय. आला समज." ही नावाची खात्री त्यांना सकाळी नऊलाच देता आली असती. फोन बंद होता हे खरं. पण नाव असतं तर भाऊंनी साडेनऊला बोरगावात माणूस उभा केला असता. मधले तीन तास माझे होते.

देवरावनं रक्त दिलं. सुई टोचताना तो छताकडे पाहत होता आणि भाऊ त्याच्याशी सतत संत्र्याच्या आंबिया बहाराबद्दल बोलत होते. मला तेव्हा आठवलं. 'सुई पाहून चक्कर येते, बोलत ठेवावे.' तो शेरा याचाच होता. यंत्रातून मी उडवला होता, भाऊंनी उडवला नव्हता.

संध्याकाळी चंचलला रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी करुणाताईंचा फोन आला, "पोरगी बोलून राहिली भाऊ. पोहे मागून राहिली." माझे त्यांनी वेगळे आभार मानले. ते मी घेतले, कारण नाही म्हणायचं तर सगळं सांगावं लागलं असतं.

सातवा भाग मी पुसला. वाचकांपैकी तिघांनी विचारलं, कधी येतोय? मी उत्तर दिलं नाही. खरं लिहिलं असतं तर त्यांनी मला अधिक चांगलं साधन सुचवलं असतं.

रविवारी प्रवीणभाऊ घरी आले. काखेत कापडी पिशवी, पिशवीत नवं कोरं लांबोडकं रजिस्टर. त्यांनी माझ्या टेबलावर, माझ्या संगणकाच्या दोन पडद्यांच्या मधे ते उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"तू वाचत जा. मी लिहितो."

"भाऊ, मी प्रिंट काढून देतो न. दोन मिनिटाचं काम हाय."

"नाही. वाच."

मी वाचायला लागलो. पांढुर्णा. सौसर. मोहगाव. त्यांचे डोळे अजून नीट बसले नव्हते, अक्षर पूर्वीपेक्षा मोठं येत होतं. मधेच ते थांबायचे, एखाद्या नावापाशी हसायचे आणि यादीत नसलेला शेरा स्वतःहून लिहायचे. त्यातले निम्मे त्यांना आठवत होते. उरलेल्या निम्म्यांपुढे त्यांनी रिकामी जागा सोडली, आणि ती जागा कोणामुळे रिकामी आहे हे मला विचारलं नाही.

बोरगाव आलं. झाकणाचा फोटो मी फोनमध्ये आणला होता, त्यावरून नावं सांगितली. अकरावं नाव गुणवंताचं होतं. मी ते गाळलं.

"थे सांग."

"भाऊ, थे तं गेले."

"माहीत हाय मले. सांग."

मी सांगितलं. त्यांनी गुणवंताचं नाव पानाच्या वरच्या ओळीत लिहिलं, समोर ठेल्याचा तोच जुना नंबर लिहिला. सिम मनकर्णाबाईंनी पुन्हा चालू करून घेतलं होतं. त्याखाली शेरा लिहिला: 'मनकर्णाबाईंना सांगावे. त्या पोचवतील.'

शेवटचं नाव लिहून झालं. तीन तास लागले होते. भाऊंनी शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, मग रजिस्टर मिटलं. मी सवयीनं हात पुढे केला. ते त्यांनी पाहिलं, रजिस्टर पिशवीत ठेवलं, पिशवी काखेत धरली आणि म्हणाले, "येतो वीरू. चंचलकडे जाऊन येतो जरा."