मास्तर सिग्नलला थांबतात

"डावीकडे," असं मास्तर म्हणाले आणि निम्मा तलाव त्यांच्या तोंडात गेला.

पोहताना बोलायचं नाही, दोरीला हिसका द्यायचा, असं ठरलं होतं. मास्तरांची मांडी आणि दाजींची मांडी एका लवचिक दोरीने बांधलेली होती. एक हिसका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. पण मास्तर मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. 'डावीकडे घ्या, आरसा बघा, सावकाश' एवढ्या भांडवलावर ज्याने संसार केला, तो माणूस तोंड मिटून कुणाला वाट दाखवणार? दाजींना मात्र मास्तरांचा खोकला कुठल्या बाजूने येतो ते बरोबर कळत होतं. त्या अंदाजाने ते पोहत राहिले आणि दोघं काठाला लागले.

दाजी म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. डोळे चांगले होते तेव्हा त्यांनी हीच ट्रायथलॉन एकदा केली होती. पोहून झालं, सायकल झाली आणि धावताना उन्हाने पाय गेले. शर्यतीचा शेवट त्यांनी ॲम्ब्युलन्सच्या खिडकीतून पाहिला. पुढे डोळे हळूहळू अधू होत गेले आणि एक दिवस पुरते मिटले. त्याचं दुःख त्यांनी फारसं बोलून दाखवलं नाही. ती खिडकी मात्र त्यांच्या मनातून जाईना.

सोबत धावायला आधी दोन तरणीबांड मुलं मिळाली होती. दाजींच्या जिभेपुढे दोघंही टिकली नाहीत. मग एका रात्री जेवताना दाजींनी मेहुण्याला सांगून टाकलं की आता तूच चल. ताई हसता हसता ठसका लागून उठली. मास्तरांचं पोट तेव्हा स्टिअरिंगला टेकत असे. पण ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बूट घालून दाजींच्या दारात उभे होते आणि वर्षभर उभे राहत गेले. मला विचाराल तर अर्धी शर्यत त्यांनी तिथेच जिंकली होती.

नियम सरळ होता. एक वाजता भोंगा होणार. त्याआधी दोघांनी एकत्र कमानीखालून जायचं, तरच निकालात नाव. नंतर आलेल्याची कुठे नोंद नाही.

सायकल दोघांची होती. पुढे हॅन्डल धरून मास्तर, मागे दाजी. दाजींच्या पायांत बैलाचं बळ होतं. ऊन वर चढत होतं तसा त्यांना जोर चढत होता. आपली पोरं शोभावीत अशा पोरांना ते मागे टाकत गेले आणि प्रत्येक वेळी दाजी विचारत, "कोण गेला? तोंड पाहिलंस का त्याचं?" मास्तर त्या तोंडाचं सविस्तर वर्णन करत. दोघांचीही छाती फुगली होती. हाती वेळ चांगला होता.

आणि चौकात सिग्नल लाल झाला.

शर्यतीसाठी तो रस्ता सकाळपासूनच बंद केला होता. गाडी नाही, माणूस नाही. सिग्नल तेवढा कुणी बंद केला नव्हता. मास्तरांना हे सगळं माहीत होतं. पण जित्याची खोड. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून, ज्यांनी शेकडो नवशिक्यांना त्या रंगापाशी थांबवलं, त्यांची बोटं आपोआप आवळली. सायकल जागच्या जागी थांबली. दाजी मागे जीव खाऊन पॅडल मारत होते आणि त्यांचे बूट पॅडलला अडकवलेले होते. सायकल दोघांना घेऊन आडवी झाली. चेन निसटली आणि चाकाच्या कडेला अशी रुतून बसली की ओढून निघेना.

"कोण आडवं आलं?" दाजींनी पडल्या पडल्याच विचारलं.

मास्तरांनी आधी त्यांचे बूट पॅडलमधून सोडवले. चौकात स्वयंसेवक म्हणून उभी असलेली मुलगी तोंडावर टोपी धरून हसत होती. शेवटी मास्तरांनी खरं काय ते सांगितलं आणि चेनशी झटू लागले. हात काळे झाले, नख फाटलं. मगाशी मागे टाकलेली पोरं एकेक करून पुढे निघून गेली. चेन बसेपर्यंत हातातला सगळा वेळ संपला होता, हे मास्तरांना घड्याळ न बघताही कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"दाजी, मी घालवलं सगळं."

दाजी कोपराचं रक्त चाचपत होते. "लाल होता ना?"

"होता."

"मग थांबलास ते बरोबरच. आता हिरवा झाला का?"

"झाला."

"मग निघ की."

धावायला उतरले तेव्हा डोक्यावर आग आणि पायाखाली मऊ झालेलं डांबर. आता दोरी हातात होती. मास्तर सांगत होते, खड्डा आहे, चढ आहे, पुढच्या बाकावर कुत्रं झोपलंय. जे दिसेल तेच सांगायचं, एवढा एकच शब्द दाजींनी त्यांच्याकडून घेतला होता. पाण्याच्या टेबलापाशी ताई उभी होती. तिने दोघांच्या डोक्यावर पाणी ओतलं, भावाचं लालभडक तोंड पाहिलं आणि बस कर म्हणाली. मास्तरांनी नुसती नाही म्हणून मान हलवली. खरं तर त्यांच्या पोटरीत केव्हाच गोळा आला होता. तो पाय ते ओढत आणत होते.

दिवसभर फोनवर 'मी ठीक आहे' म्हणणाऱ्यांचे आवाज ऐकणाऱ्या माणसापासून हे लपणार थोडंच! थोडं पुढे गेल्यावर दाजींनी वेग कमी केला. "मास्तर, थांबायचं का? ॲम्ब्युलन्स असेल इथेच कुठेतरी."

त्यांनी हे अगदी साधेपणाने विचारलं. हो म्हटलं असतं तर ते खरंच थांबले असते, आणि तेच मास्तरांना सहन होईना.

"माझ्या गाडीतून आजवर एकही शिकाऊ मधेच उतरलेला नाही," ते म्हणाले. "तुम्ही तर गाडी आडवी झाली तरी न उतरलेले शिकाऊ. चला."

दाजी हसले आणि पुन्हा धावू लागले. धावले म्हणजे काय, एक धावत होता आणि एक लंगडत होता, पण दोरी सैल होती.

शेवटच्या वळणावर भोंगा वाजला. लांबलचक वाजला. मग लाउडस्पीकरवर कुणीतरी सगळ्यांचे आभार मानले आणि गाणंही बंद झालं. मास्तरांना रडू आलं. सिग्नलपाशी गेलेला वेळ नेमका आत्ता हवा होता. घामामुळे रडणं दिसलं नसतं, आणि दिसून तरी कुणाला दिसणार होतं?

"ऐकलं मी," दाजी म्हणाले. "पाय थांबवू नकोस."

मैदानात खुर्च्या एकात एक रचून झाल्या होत्या. घड्याळ टेम्पोत चढलं होतं. हवा भरून उभी केलेली ती भलीमोठी कमान आता जमिनीवर आडवी पसरली होती. दोन माणसं तिच्यावर गुडघे टेकून आतली हवा काढत होती.

"काय दिसतंय?" दाजींनी विचारलं.

कमान उभी आहे, असं सांगावं, हे क्षणभर मास्तरांच्या ओठांवर आलं. दाजींनी हात वर केले असते, ताईने मागाहून ऐकून टाळ्या वाजवल्या असत्या. कुणाचं काय बिघडलं असतं? पण शब्द दिला होता.

"घड्याळ नेलंय. कमान खाली पाडलीय, दाजी. गुंडाळायला घेतलीय."

  दाजींनी सदरा खाली ओढून नीट केला.

"आडवी म्हणजे वाटेतच आहे ना?"

"समोरच. चार पावलांवर. गुडघाभर उंच आहे अजून."

"मग तिथूनच जाऊ. कुठे पाय उचलायचा ते सांग."

मास्तरांनी सांगितलं. दाजींनी गुडघा चांगला उंच उचलला आणि कापडापलीकडे पाय टेकला. मास्तरांचा दुखरा पाय उचलेना, म्हणून तो त्यांनी हाताने धरून पलीकडे ठेवला. हवा काढणारी ती दोन माणसं न सांगता बाजूला होऊन उभी राहिली होती. दोघं पुरते ओलांडून गेल्यावर ती पुन्हा खाली बसली आणि उरलेली हवा काढू लागली.