एकशे अठ्ठावीस सेंटीमीटर

जावाच्या किनाऱ्यावरच्या कारांगबोलो गावच्या व्यवसाय-शाळेत अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या रुमिनाबाईंनी संगणक-खेळासाठी मुलांनी रचलेल्या अकरा गोष्टी तपासायला घेतल्या, आणि त्यांतून नऊ पांढरी अस्वलं निघाली. उरलेल्या दोन गोष्टींपैकी एकीत प्लास्टिकचा राक्षस होता, आणि दुसरीत पृथ्वी तोंडात थर्मामीटर धरून झोपली होती.

या अकरा जणांपैकी एकानंही बर्फ पाहिला नव्हता, म्हणजे मासळीच्या पेट्यांतला सोडून. समुद्र मात्र सगळ्यांनी पाहिला होता. तो महिन्यातून दोनदा वर्गात यायचा. आभाळात ढग नसताना, भर उन्हात, भरतीचं पाणी गटारातून वर चढायचं, दारातून आत यायचं आणि बाकांखाली दोन-चार तास बसून परत जायचं. तिथं त्याला रोब म्हणतात. रोब आला की मुलं पाय वर घ्यायची आणि बाई शिकवत राहायच्या.

"बाई, पर्यावरण म्हटलं की अस्वल लागतंच," सोबिरिन म्हणाला. वर्गात प्रोग्रॅम लिहिण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"कुणी सांगितलं?"

"सगळ्या पोस्टरांवर असतं."

"तुझ्या घरात पाणी शिरतं का अस्वल?"

"पाणीच शिरतं. पण पाण्यात काय आहे दाखवण्यासारखं? ते नेहमीचंच."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बाईंनी नऊच्या नऊ अस्वलं परत केली आणि फळ्याशी जाऊन नियम सांगितला. खेळात पाट्या लावायच्या नाहीत. 'निसर्ग वाचवा' असं कुठं लिहिलेलं दिसलं तर शून्य मार्क. जे सांगायचं ते जागेनं सांगायला पाहिजे, म्हणजे भिंतीनं, फरशीनं, भांड्याकुंड्यांनी. खेळणाऱ्यानं बघावं आणि त्याचं त्यानं ओळखावं.

बाई एवढ्या हट्टाला पेटल्या होत्या त्याला कारण होतं. मुख्याध्यापक कुस्वादी सरांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, की सेमारांग शहरातल्या पर्यावरणावरच्या संगणक-खेळांच्या स्पर्धेतून या वर्षी प्रमाणपत्र आलं नाही, तर नव्या वर्षापासून संगणकाची खोली मोटरसायकल दुरुस्तीला जाईल. सर दुष्ट नव्हते. खाऱ्या पाण्यानं गावातली एकूण एक मोटरसायकल गंजली होती, तेव्हा धंदा चालणार हे उघड होतं. बाईंना शिवणवर्गावर पाठवणार होते. शिवण बाईंनाही येत होतीच. पण हे अकरा संगणक मिळवायला त्यांनी सहा वर्षं उंबरे झिजवले होते आणि रोबपासून वाचवायला ते विटांवर चढवून ठेवले होते. आणि वर्गात मुंतामाह होती. वर्ग बंद झाला की ही मुलगी आईसारखी खेकडे सोलायच्या शेडमध्ये जाणार, हे बाईंना दिसत होतं आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

मुंतामाह सतरा वर्षांची. बोलणं असं की शब्दाला कर पडतो. अस्वलाचं चित्रही तिनं चांगलंच काढलं होतं, पण ते परत मिळाल्यावर तिनं आपल्या आजीचं घर काढलं. सोबिरिननं त्यात जीव घातला आणि खेळ तयार झाला. नाव ठेवलं 'भराव'. खेळात एक आजी असते. पाणी येतं. आजीनं टोपल्यांनी माती आणून घरातली जमीन उंच करायची आणि त्याआधी कपाट, तांदळाचा डबा आणि टीव्ही वाचवायचा. मग काही वर्षं बरी जातात. मग पुन्हा पाणी येतं. शेवटी आजी आजारी पडते आणि तिला शहरातल्या दवाखान्यात नेतात. सबंध खेळात एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. बाईंनी तो चारदा खेळून पाहिला आणि वर्गासमोर म्हणाल्या, "हं. बरा आहे." मुंतामाहचे कान लाल झाले, कारण बाई 'बरा' कधीच म्हणत नसत.

पहिल्या फेरीचं मत द्यायला स्पर्धेच्या परीक्षकांपैकी एक तरुण संगणकाच्या पडद्यावर आला. नाव दितो. त्याच्या मागं पुस्तकांचं कपाट होतं, तेही जमिनीला टेकलेलं. मुलं ते बघत राहिली.

"कल्पना चांगली आहे," दितो म्हणाला. "पण प्रमाण साफ चुकलंय. दार माणसाच्या छातीपर्यंत येतं. खिडकी घोट्याशी आहे. दिव्याचं बटण गुडघ्याशी. माणसं राहणार कशी या घरात?"

राहतात कशी, हा प्रश्न वर्गात कुणाला समजला नव्हता.

"आणि तुमची आजी पहिल्यापासून वाकलेली आहे, ती शेवटपर्यंत सरळच होत नाही. तो बग आहे, काढून टाका. दवाखान्याचं दारसुद्धा तेवढंच बुटकं काढलंय. अहो, त्यातून स्ट्रेचर जायला नको? तीन दिवसांत दुरुस्त करून पाठवा, नाहीतर पुढच्या फेरीत घेता येणार नाही."

पडदा काळा झाल्यावर बाईंनी खेळ पुन्हा लावला. डोळ्यांत तेल घालून बघितला. त्यांना काहीही चुकलेलं दिसेना.

"तू दार अंदाजानं काढलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई. मोजून." मुंतामाहनं दप्तरातून मोजायची टेप काढली. "एकशे अठ्ठावीस सेंटीमीटर. आमचं तेवढंच आहे."

बाईंनी मनातल्या मनात स्वतःच्या घराचं दार आठवलं. एकशे तीस असेल, फार तर एकशे बत्तीस. जमिनीचा भराव होत गेला होता आणि छप्पर होतं तिथंच राहिलं होतं, कारण माती विकत मिळते तशी छप्परं परवडत नाहीत. गावातली सगळी घरं तशीच.

"बरं, घराचं राहू दे. दवाखाना? आजीला घेऊन गेली होतीस ना तू?"

"गेले होते."

"मग दार केवढं होतं?"

"बघितलं नाही बाई. मी वाकले होते."

आता यात मुंतामाहचा तरी काय दोष? जावामध्ये वडीलधाऱ्यांसमोरून जाताना पाठ वाकवून, एक हात खाली धरून जायची रीत आहे. कारांगबोलोची माणसं मात्र कुठल्याही दारातून तशीच जातात, पलीकडं कुणी वडीलधारं असो वा नसो. त्यामुळं सेमारांगमध्ये गावाचं नाव फार चांगलं आहे. गरीब आहेत, पण काय नम्र माणसं, असं तिथले लोक म्हणतात.

कुस्वादी सरांना हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "दार वाढवा. दारच आहे ना? कागदावरचं. त्यात सुतार लागत नाही."

"सर, पण घर असंच आहे."

"रुमिनाबाई, परीक्षकाला ज्या दारातून जाता येत नाही त्या दारातून प्रमाणपत्रही येणार नाही."

बाईंना या वाक्याचा राग आला, कारण ते खरं होतं. त्या वर्गात आल्या आणि सोबिरिनला म्हणाल्या, "वाढव." सोबिरिननं एक आकडा बदलला. एका हातात सोयाबीनच्या तळलेल्या तेंपेचा तुकडा होता, तो संपायच्या आत खेळातली सगळी दारं दोन मीटरची झाली आणि आजी ताठ उभी राहिली. मुंतामाह परक्याच्या घरात डोकावल्यासारखी पडद्याकडं बघत राहिली. बाईंना लाज वाटली. पाट्या लावू नका म्हणून सांगणारी मी, आणि घरच खोटं करून दिलं, असं त्यांच्या मनात आलं. पण वर्ग वाचवायचा होता, म्हणून त्यांनी ते गिळलं.

स्पर्धेच्या नियमात आणखी एक गोम होती. खेळातलं माणूस खऱ्या माणसावरून घेतलं असेल, तर त्याची संमती हवी. म्हणून दुपारी शाळा सुटल्यावर बाई आणि मुंतामाह आजीकडं गेल्या.

कास्मिना आजी विटांवर चढवलेल्या पलंगावर बसून कांदे सोलत होती. मुंतामाह सराईतपणे वाकून आत गेली. बाई दारातच थांबल्या, चौकटीखाली पाठ वाकवून, कारण आत तिसऱ्या माणसाला जागा नव्हती. मुंतामाहनं फोनवर नवा खेळ लावून आजीपुढं धरला.

आजीनं कांदा खाली ठेवला. पुष्कळ वेळ बघितलं.

"हे तुला कुणी सांगितलं गं?"

"काय?"

"हे दार. अस्संच होतं. तुझा आजोबा डोक्यावर मिठाची टोपली घेऊन आत यायचा. टोपली उतरवायचा नाही मेला, तसाच सरळ. मी ओरडायचे, मीठ सांडतंय म्हणून."

मुंतामाहनं चौकटीकडं बघितलं, मग आजीकडं. "आपलं दार? याच घरातलं?"

"मग काय शेजाऱ्याचं सांगतेय?"

"तू मला कधी बोलली नाहीस."

"आता दार उंच होतं हे काय बोलायचं? दार उंचच असतं."

मुंतामाहचा जन्म दुसऱ्या भरावानंतरचा. तिनं घर जिथून पाहिलं तिथून गोष्ट सुरू केली होती, आणि त्याच्या आधी काही असेल हे तिला माहीतच नव्हतं. तिचं एक ठीक. पण रुमिनाबाई एकेचाळीस वर्षांच्या होत्या. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. वडील संध्याकाळी तळ्यावरून यायचे, लहानग्या रुमिनाला खांद्यावर घ्यायचे आणि दाराशी थांबायचे. "मान खाली घाल गं, राणी," म्हणायचे. ती खांद्यावरून मान खाली घालायची आणि वडील ताठ चालत आत जायचे. एवढं सगळं बाई विसरल्या होत्या. इतकी वर्षं मुलांना बघायला शिकवत होत्या आणि स्वतःच्या घराचं दार विसरल्या होत्या. त्यांना रडू आलं. त्या चौकटीखाली वाकूनच रडत होत्या, त्यामुळं आजीला वाटलं, कंबर धरली.

"मुंतामाह, बाईंना तेल दे," आजी म्हणाली, आणि संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

पुढचे दोन दिवस वर्गातली मुलं घरोघर टेप घेऊन फिरली आणि म्हाताऱ्यांना विचारत सुटली. तुमचं दार पहिल्यांदा केवढं होतं? कुणी हात वर करून दाखवलं, कुणी म्हणालं, तुम्हाला अभ्यास नाही का. त्या मापांवरून मुंतामाहनं खेळाचा पहिला टप्पा नव्यानं काढला. आता खेळ सुरू होतो तेव्हा दार दोन मीटरचं असतं आणि आजी तरुण असते. ती आतबाहेर पळते, वाळत घातलेले कपडे आणते, आणि पाणी येतं. प्रत्येक भरावाबरोबर दार बुटकं होत जातं. तिसऱ्याला आजी वाकते. शेवटी दवाखाना येतो. त्याचं दार आता चांगलं तीन मीटरचं आहे आणि आजी त्यातून वाकून आत जाते.

"बाई, तो बग राहिलाच," सोबिरिन म्हणाला.

"राहू दे."

सेमारांगच्या सभागृहात तीन परीक्षक होते. खेळायला दितो बसला. पहिल्या टप्प्यात त्यानं आजीला उगीचच चार वेळा दारातून पळवलं, कारण ते सोपं होतं आणि मजेचं होतं. दुसऱ्या भरावाला त्यानं मान जराशी आत घेतली. तिसऱ्याला तो खुर्चीत पुढं वाकला. दवाखान्याच्या दाराशी आल्यावर तो एकामागून एक बटणं दाबत राहिला.

"हिला सरळ करायचं बटण कोणतं?"

"नाहीये," मुंतामाह म्हणाली.

"अगं पण दार तर केवढं मोठं आहे."

"हो."

दितोनं आणखी एकदा बटण दाबलं. मग हात मांडीवर ठेवले.

'भराव'ला तिसरं बक्षीस मिळालं. पहिलं डोंगरातल्या एका शाळेच्या पांढऱ्या अस्वलाला मिळालं. सोबिरिन परतीच्या सगळ्या वाटेवर बाईंशी बोलला नाही.

सभागृहातून बाहेर पडताना मुलं ओळीनं दारातून वाकून गेली. दाराशी उभा असलेला पहारेकरी म्हणाला, "काय वळण आहे हो तुमच्या मुलांना." रुमिनाबाई शेवटी होत्या. त्याही वाकल्या होत्या. मग थांबल्या, पाठ सरळ केली आणि वर बघितलं. चौकट फार दूर होती. त्यांनी मान खाली घातली आणि मग बाहेर पडल्या.

प्रमाणपत्र आलं ते आलंच, तेव्हा मोटरसायकली बाहेर उन्हात राहिल्या आणि वर्ग वाचला. कुस्वादी सरांनी प्रमाणपत्राला काच लावून घेतली आणि सोमवारी सगळ्यांसमोर शिडी मागवली. शाळेतली घड्याळं, नकाशे, माजी मुख्याध्यापकांचे फोटो, सगळं भिंतीच्या वरच्या टोकाला टांगायची तिथं पद्धतच आहे. सर शिडीवर चढले आणि वाशाच्या जरा खाली खिळ्याची जागा धरली.

"सर, खालून वाचता येत नाही," सोबिरिन म्हणाला.

"आत्ता नाही येणार. दोन भरावांनी बरोबर डोळ्यांसमोर येईल."

कुणी हसलं नाही. बोलणं रास्तच होतं. मुंतामाहनं तेवढी दप्तरातून टेप काढली, भिंतीला लावली, मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं.

"दोन नाही सर," ती म्हणाली. "तीन."

सरांनी वरून तिच्याकडं बघितलं, मग जमिनीकडं बघितलं, आणि खिळा दीड वीत खाली घेतला.