टाइलला भोक नको

मागच्या मार्चमध्ये नगरपालिकेकडून मी राग्नवाल्ड आजोबांच्या न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायला गेलो, तर त्यांनी मला ड्रिल पेटीतून काढूच दिलं नाही. टाइल नव्या होत्या आणि त्यांच्यामागे पाणी अडवणारा थर होता.

"त्याला भोक पाडलंस तर घराचा विमा गेला," ते म्हणाले.

आमच्या स्वीडनमध्ये माणसं त्या थराला जिवापाड जपतात. मी वाद घातला नाही. 'दांडा नको' असं लिहिलेल्या कागदावर त्यांची सही घेतली आणि निघालो.

मग त्यांनी दुकानातून रबरी चकत्यांनी चिकटणारा दांडा आणला. नोव्हेंबरात तो त्यांच्या बायकोच्या, गुनवोरबाईंच्या, हातात सुटून आला. त्या पडल्या त्या उठल्याच नाहीत.

आज आजोबांनी स्वतःसाठी दांडा बसवायला बोलावलं. मी भिंत ठोकून मागचं लाकूड शोधलं, भोकं पाडली, सिलिकॉन भरलं, स्क्रू आवळले आणि सगळा भार टाकून पाहिला. दांडा हलला नाही.

"पाणी आत जाईल?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"नाही जाणार."

त्यांनी घड्याळ पाहिलं.

"वीस मिनिटं," ते म्हणाले. "एवढंच होतं?"

"एवढंच," मी म्हणालो, आणि सहीचा कागद पुढे केला.