रुमालाखालची सुई

हातमोजा काढला तर बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब. माझ्याच रक्ताचा. नळाखाली बोट धरून मी साबण लावत होते आणि मागून आमचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "ताई, बघून हात घालायचा ना."

बघून? पेशंट घाबरू नये म्हणून इंजेक्शन दिलं की सुई ट्रेमधल्या रुमालाखाली सरकवायची, ही सवय यांची. एकोणीस वर्षं मी यांच्या खुर्चीशेजारी उभी आहे आणि तेवढीच वर्षं सांगतेय की सुई थेट डब्यात टाका. कोण ऐकतंय. आमच्या हिपॅटायटिस बीच्या, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या लशीचं विचारलं की "पुढच्या महिन्यात बघू". स्वतः मात्र तिन्ही डोस घेऊन मोकळे.

"ही सुई ज्यांना दिली होती त्या काकांना रक्त तपासायला सांगा," मी म्हटलं. "अजून बाहेर बसलेत."

"जुने पेशंट आहेत, त्यांना काय वाटेल? एवढ्याशा टोचण्याचा बाऊ करू नका. पुढचा पेशंट घ्या."

माझं डोकंच फिरलं. मी सरळ बाहेर गेले. दाढ काढलेले काका कापूस दाताखाली दाबून बसले होते. बोट दाखवून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना बोलता येईना. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी लिहिलं, "मला हिपॅटायटिस बी आहे. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फॉर्मवर लिहून दिलंय."

ती चिठ्ठी मी डॉक्टरांसमोर धरली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही लोक उगाच घाबरता, कामाला हात लावत नाही. म्हणून बोललो नाही."

तुम्ही लोक! यांच्या पेशंटचं रक्त, थुंकी, पू मी पुसला, कधी नाक मुरडलं नाही. नुसतं सांगितलं असतं तर तो रुमाल मी चिमट्याने उचलला असता.

मी अॅप्रन काढून टेबलावर ठेवला.

"अहो, पेशंटच्या तोंडात सक्शनची नळी कोण धरणार?"

तुम्हीच धरा, म्हटलं. चोवीस तासांच्या आत मला संसर्ग टाळायचं इंजेक्शन आणि लस घ्यायची होती. भीती होतीच, पण राग त्याहून मोठा होता. काकाही उठले आणि सुजल्या गालाने माझ्याबरोबर समोरच्या हॉस्पिटलात आले.

खिडकीतल्या क्लार्कने फॉर्म पुढे ओढला. "कारण काय लिहू? निष्काळजीपणा?"

"हो," मी म्हटलं. "डॉक्टरांचा. तसंच लिहा."