परतीचं बटण

पहिली जोडी मरायला पाठवतात. हे मला तिथे पोचल्यावर दहाव्या दिवशी कळलं आणि मी ते वहीत मराठीत लिहून ठेवलं, म्हणजे आमच्या टकल्या सार्जंटला वाचता येऊ नये. दोन माणसं झाडीच्या कडेने अंतर ठेवून येतात. आपण गोळ्या घालतो, ती पडतात, आपल्याला वाटतं जिंकलो. पण लांब कुठेतरी बसलेला एक जण गोळी कुठल्या खड्ड्यातून सुटली ते बघत असतो. मग दुसरी जोडी त्या खड्ड्याच्या बाजूने येते. तिसरी येते तेव्हा खड्ड्यात उभं राहणारं कोणी उरलेलं नसतं.

त्या देशाचं नाव मी घेणार नाही. सुटताना तसं लिहून दिलंय. शत्रू कोण हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. सार्जंट बोट दाखवायचा तो शत्रू.

मी साईराज, मीरा रोडच्या पूनम सागरमधला. लग्नात ड्रोन उडवायचो. माझा जोडीदार रेनॉल्ड, उत्तनचा. मी रिमोट धरायचो, तो बॅटऱ्या बदलायचा आणि उतरणारं ड्रोन हातात झेलायचा. मांडवात जमिनीवर उतरवायला जागा कुठे असते? ते माणसांच्या पायात येतं, पंखे तुटतात. म्हणून बॅटरी संपत आली की मी परतीचं बटण दाबायचो, ड्रोन आपसूक निघाल्या जागी यायचं आणि रेनॉल्ड हात वर करून उभाच असायचा. दोनशे लग्नं आम्ही अशी काढली असतील.

काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात एका एजंटाने आम्हाला जेवू घातलं आणि सांगितलं की परदेशात गोदामांवर नजर ठेवायला ड्रोनवाले हवेत. आम्ही दोघा शहाण्यांनी वाचता न येणाऱ्या कागदावर सह्या ठोकल्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! गोदाम कधी दिसलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात आम्ही जमिनीखाली होतो.

रेनॉल्ड तिथेच गेला. मी परत आल्यावर त्याच्या आईला, सेलेस्टिन आंटीला, सांगितलं की तो झोपेत गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. पेटी बंद आली होती आणि उघडायची नाही असा हुकूम होता, त्यामुळे माझं खोटं बिनबोभाट खपलं. गेल्या जानेवारीत ते उघडं पडलं. पण आधी तिथलं सांगायला हवं.

आमचा खड्डा सूर्यफुलांच्या वाळक्या शेताच्या कडेला होता. वर ओंडके, ओंडक्यांवर माती. मी आत बसून स्क्रीनवर बघायचो, माणसं दिसली की सार्जंटला सांगायचो, आणि तो म्हणाला की ड्रोनखाली बांधलेला बॉम्ब सोडायचो. एकदा सहा मोटरसायकलींवर बारा जण आले. काशीमीऱ्याच्या सिग्नलला सुटतात तसे सुटले. पहिली गाडी सुरुंगावर गेली. चाक झाडावर जाऊन अडकलं आणि दोन माणसांचं जे झालं त्याला माणूस म्हणता येत नव्हतं. मागच्याने ब्रेक लावला नाही. पडलेल्याच्या अंगावरून गाडी घातली, तो हलत होता तरी घातली. मी वहीत लिहिलं: ‘थांबत नाहीत. थांबेल तो मरेल, असं शिकवलेलं असणार.’

आणि ते खरंच होतं, कारण थांबणाऱ्याला मीच मारत होतो. शेवटच्या गाडीवरचा एक जण जखमी सोबत्याला ओढायला उतरला. दोन्ही हात त्याच्या काखेत घालून ओढत होता. हलत्या माणसावर बॉम्ब चुकतो, ओढणाऱ्यावर चुकत नाही. सोडला. धूर गेला तेव्हा ओढणारा पालथा पडला होता आणि ज्याला ओढत होता तो जिवंत होता. त्याने वर बघितलं, थेट माझ्या कॅमेऱ्यात, आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला.

रेनॉल्ड माझ्या खांद्यावरून बघत होता. “साई, सोड ना त्याला. मरतोयच तो.”

“सार्जंट बघतोय.”

“बघू दे ना यार.”

माझ्याकडे दुसरा बॉम्ब होता. मी सोडला. रेनॉल्ड भिंतीकडे तोंड करून बसला. त्या रात्री मी पोटभर जेवलो, आणि मला आज सगळ्यात जास्त लाज त्या जेवणाची वाटते.

त्यांची एक चाल मात्र मला सगळ्यात उशिरा कळली. जखमी माणूस उघड्यावर दिसला की ते त्याला लगेच मारत नसत. वर एक ड्रोन लटकत ठेवत आणि त्याला न्यायला कोण येतं याची वाट बघत. मी वेगळं काय करत होतो? फरक इतकाच की त्यांच्याकडे बॉम्ब जास्त होते.

सार्जंटचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता की परतीचं बटण बंद ठेवायचं. ड्रोन स्वतःहून परतलं की सरळ रेषेत येतं, आणि शत्रूचं ड्रोन त्याच्या शेपटीला लागून आपल्या दारात पोचतं. आपणच पत्ता दिल्यासारखं. म्हणून ड्रोन तीनशे मीटर लांब उतरवायचं आणि सरपटत जाऊन आणायचं. आणायला रेनॉल्ड जायचा. माझ्यापेक्षा हलका होता आणि कुरकुर न करता जायचा.

त्या दिवशी सकाळी नवं ड्रोन आलं, जुनं आदल्या दिवशी पडलं होतं. खोक्यातून काढतोय तोवर रेडिओ ओरडला, दोघे येताहेत. मी तसंच उडवलं. बटण बंद करायचं राहून गेलं.

ते दोघे संथ चालत होते. झाडी सोडून मोकळ्यातून, अंगावर काही न पांघरता. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण लग्नवाल्याची सवय, समोर काही चांगलं दिसलं की शॉट धरून ठेवायचा, पूर्ण होऊ द्यायचा. अकरा मिनिटं मी त्यांच्यावर घिरट्या घातल्या. बॉम्ब सोडला, एक पडला, दुसरा त्याच्या शेजारी बसून राहिला. पळाला नाही. मी दुसऱ्या बॉम्बने त्यालाही उडवलं आणि खूश झालो. वहीत ‘पहिली जोडी मरायला’ असं लिहिणारा मीच! ती जोडी आमच्या बंदुका बघायला आलीच नव्हती. ती माझ्या ड्रोनला खिळवून ठेवायला आली होती, बॅटरी संपेपर्यंत.

बॅटरी वीस टक्क्यांवर आली, टूं टूं वाजलं आणि माझ्या अंगठ्याने बटण दाबलं. मी दाबलं असं म्हणवत नाही, पण मीच दाबलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तो आवाज रेनॉल्डनेही दोनशे लग्नांत ऐकलेला. तो उठला, दाराबाहेर गेला आणि हात वर करून उभा राहिला. क्षणभर दोघेही कुठल्यातरी मांडवात होतो.

मला तो स्क्रीनवर दिसला. आधी ठिपका, मग डोकं, मग वर केलेला चेहरा, उन्हाने बारीक केलेले डोळे. मी “आत ये!” असं ओरडलो तेव्हा त्याची नजर माझ्या ड्रोनवरून सरकून त्याच्या मागे गेली होती. मागून दुसरं येत होतं.

खड्डा हलला, ओंडका माझ्या डाव्या हातावर आला आणि दोन बोटं गेली. रेनॉल्ड दारापासून आठ पावलांवर पडला होता. एक पाय मांडीपासून नव्हता, दुसरा होता पण उलटा. पोट उघडं होतं आणि तो ते हातांनी आत ढकलायला बघत होता. वर एक ड्रोन लटकलं होतं, शांतपणे, न्यायला कोण येतं ते बघत.

“साई,” तो म्हणाला. मग ओरडून, “साई, ये ना रे.”

सार्जंटने माझ्या छातीवर बंदूक ठेवली होती असं मी इथल्या पोलिसांना सांगितलंय. ठेवली होती, पण पहिली पाच मिनिटं. नंतर तो खड्ड्याच्या दुसऱ्या तोंडाला गेला आणि मला अडवणारं कोणी नव्हतं. मी गेलो नाही. ओढायला जाणाऱ्याचं काय होतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? चाळीस मिनिटं मी आठ पावलांवर बसून ऐकत होतो. तो गप्प झाल्यावर वरचं ड्रोन निघून गेलं. अंधार पडल्यावर त्याचं जे मिळालं ते मी दोन फेऱ्यांत आत आणलं.

गेल्या जानेवारीत सेलेस्टिन आंटीचा फोन आला. ब्रिटनीचं, म्हणजे रेनॉल्डच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. “रेनॉल्डचं ड्रोन कपाटात हाय. लग्नात ते उडलं पायजे. आनि तूच उडवायचंस.” मी हाताचं निमित्त सांगितलं. ती म्हणाली, “अंगठं हायत ना दोन?”

लग्नाच्या आदल्या दिवशी उत्तनला उंबराच्या पाण्याची मिरवणूक असते. नवरीकडची माणसं बँड लावून विहिरीवर जातात आणि कळशा भरून आणतात. दुपारी चारला मी आंटीच्या अंगणातून ड्रोन वर नेलं. खाली लाल लुगडी, वेण्या, कळशा, ट्रम्पेटवाले. किती सुंदर दृश्य होतं! आणि मी मोजत होतो. दोन पुढे, मग अंतर, मग तिघी, मग झाडीची कड. बॉम्बची कळ तिथे नव्हती, तरी माझा अंगठा तिची जागा चाचपत होता.

मिरवणूक अंगणाजवळ आली आणि टूं टूं वाजलं. वीस टक्के. अंगणात दीडशे माणसं माना वर करून उभी. मी ड्रोन वळवलं, अंगणापासून लांब, किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या पलीकडे नेऊन उतरवलं. मग पळालो. वाकून, बांबूंच्या आडोशाने, शेवटचे काही हात तर सरपटत. वाळूत ड्रोनपाशी पोचलो तेव्हा मागे पावलं वाजली. सेलेस्टिन आंटी होती, नवं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेली.

“हितं का उतरवलंस?”

“तिकडे गर्दी होती, आंटी.”

“गर्दी रोजचीच. रेनॉल्ड बटन दाबायला लावायचा तुला नि हातात धरायचा. मी काय बघितलं न्हाय? तू बटन का न्हाय दाबलंस?”

तिने माझ्या कोपरांना लागलेली वाळू बघितली, मग आकाशाकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. “तो झोपेत न्हाय गेला,” ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. बटण, वर केलेला हात, आठ पावलं. तिच्या तोंडाकडे न बघता सांगितलं. लांबून बँड वाजत होता. माझं संपल्यावर तिने शेजारचा बांबू धरला.

“किती वेळ होता?”

“चाळीस मिनिटं.”

“मना हाक मारली?”

मला वाटलं, एवढं तरी खोटं बोलावं. हो म्हणायला काय जात होतं? पण एका खोट्यावर दीड वर्ष काढलं होतं, अंगात आणखी बळ नव्हतं.

“नाही आंटी. हाका मलाच मारत होता.”

तिने मला मारलं नाही. मारेल अशी माझी आशा होती. ती खाली बसली, पदराने ड्रोनवरची वाळू पुसली आणि ते माझ्यापुढे धरलं. “उडव. नि दाब ते बटन. माझ्या पोराचं हाय, त्याच्या घरी जाऊ दे.”

मी खिशातली दुसरी बॅटरी घातली. उतरवलं होतं तेच ठिकाण यंत्राने घर म्हणून धरलं होतं. मी नकाशा उघडला, तिच्या अंगणावर बोट ठेवलं आणि तेच घर असं ठरवून दिलं. उडवलं. अंगठा बटणावर ठेवला आणि तो दबेना. आंटीने आपला अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवून दाबला.

ड्रोन माडांवरून सरळ रेषेत गेलं. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत होतो. अंगण आलं, माणसं पांगली आणि मधोमध ब्रिटनी उरली, भाऊ करायचा तेच करत, हात वर, चेहरा वर, उन्हाने डोळे बारीक. मी कॅमेऱ्यात तिची नजर बघत राहिलो, ती मागे सरकते का म्हणून. सरकली नाही. तिने ड्रोन हातात धरलं आणि हसली.

“धरलं,” आंटी म्हणाली. तिने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला. मग इतका वेळ अडवलेलं रडू एकदम आलं, तरी ती बोललीच. “दारापासून आठ पावलांवर माझा पोर तुला बोलावत होता. तुला त्याच्याकडं जाववलं न्हाय. आता माझ्या अंगनातबी येऊ नको, साईराज. हितनंच जा.”

ती बांबूंच्या रांगांमधून परत गेली. मी किनाऱ्याकिनाऱ्याने रस्त्याला लागलो. बँड पुन्हा सुरू झाला होता.